दिवाबत्तीचा हिशेब

या महिन्यात पत्रांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा आहे आणि बहुतेकांचं गाडं एकाच चिखलात रुतलंय. दिवाळी अंकासाठी अद्भुतकथा मागवल्याची जाहिरात गेली, तेव्हापासून बडोद्यात दांडियाबाजारपासून मांजलपूरपर्यंत जो तो राज्यं वसवत सुटलाय. राज्याला राजा मिळतो, राजाला तलवार मिळते, ड्रॅगन तर आठवड्याला दोन जन्मतात. मग येतो राज्याचा धर्म, आणि तिथे सगळे मला लिहितात. (राजधर्म हा शब्द मी मुद्दाम टाळते. तो राजाच्या कर्तव्याचा शब्द. इथे प्रश्न आहे तो राज्याने ज्याच्या नावाने फर्मानं काढली त्या देवाचा.)

नव्या वाचकांना एवढंच सांगते, की मी मूळची लेखिका नव्हे. मांडवीच्या आसपासच्या एका देवस्थानच्या कचेरीत मी एकोणतीस वर्षं चोपडे लिहिले. आपण मराठी माणसं वही म्हणू, पण बडोद्यात कचेरीत चोपडाच म्हणतात. त्यामुळे माझ्या उत्तरांना तेलाचा वास येतो, तो सोसून घ्या.

प्रश्न : मावशी, मी कारेलीबागेत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या कादंबरीतल्या राज्याचं नाव तांबवेल. तिथला राज्यधर्म सप्तदीपांचा : सात दिवे, सात देवता, एकही दिवा विझता कामा नये. राज्यात नऊशे देवळं आहेत. राजाला दीपपाल म्हणतात. देवांची वंशावळ, सृष्टीची उत्पत्ती, देवासुरांची युद्धं अशी चाळीस पानं मी लिहिली. मित्र म्हणतो, पाठ्यपुस्तक झालंय. काय चुकलं? आणि दीपपाल हा धर्माचा प्रमुख असावा की देवाचा चाकर?

उत्तर : अरे, चाळीसही पानं वाचली. दोनदा. देवांच्या सासवासुनांपर्यंत सगळं आलंय, अक्षरही चांगलं आहे. पण बत्तिसाव्या पानावर तू लिहितोस, ‘नऊशे देवळांत सात-सात दिवे अखंड तेवत असत,’ आणि खुशाल पुढच्या ओळीवर जातोस. माझा हात तिथेच थांबला. तेल कोण देतं?

हिशेब करू. एका मोठ्या दिव्याला दिवसरात्रीचं पाव शेर तेल धर. सात दिव्यांचं पावणेदोन शेर. नऊशे देवळांचं रोजचं १,५७५ शेर, म्हणजे (चाळीस शेरांचा एक मण धरून) ३९ मण १५ शेर. सालाचं झालं १४,३७१ मण ३५ शेर. तुझ्या राज्यात तीळ पिकतो असं तूच सातव्या पानावर म्हटलंयस. घाण्यातून तिळाचं तेल वजनाच्या निम्म्याहून कमीच पडतं, म्हणजे तीस हजार मणांच्या आसपास तीळ निव्वळ देवापुढे जळतो. आता सांग, हा तीळ कोण पेरतो? खुशीने पेरतो की त्याच्या जमिनीवर तसा शेरा मारलाय? त्याच्या घरी फोडणीला काय वापरतात? तेल्यांची घराणी श्रीमंत असतील की नाही? देवळाच्या सभामंडपात त्यांना बसायला जागा आहे, की तेल दारातच ओतून घेतात आणि त्यांना बाहेरच ठेवतात? आणि ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षी काय होतं?

बघ, मी एकही देव बदलला नाही. पण तुझ्या राज्यात आता माणसं हिंडायला लागली.

ही माझ्या मनाची गंमत नव्हे. पेरू देशातल्या इंका राजांचा राज्यदेव सूर्य. त्यांनी मुलूख जिंकला की जमिनीचे तीन वाटे पाडायचे : एक सूर्याचा, एक राजाचा, एक गावाचा. सूर्याच्या वाट्याची शेती गावानेच कसायची आणि पीक देवाच्या कोठारात टाकायचं. एवढं एक वाक्य वाचलं तरी त्या राज्यातल्या शेतकऱ्याची सकाळ डोळ्यांपुढे येते. त्यांच्या सूर्याच्या आईवडलांची नावं मला आजही ठाऊक नाहीत, आणि काही अडलेलं नाही.

आता एक घरची गोष्ट. कचेरीत माझ्या हाती आलेल्या चोपड्यात एक ओळ होती : ‘नंदादीप, कोपऱ्यावरची देवळी, तेल महिना सव्वा किलो.’ वर्षानुवर्षं तीच ओळ, माझ्या आधीच्या मुनीमजींच्या वळणदार अक्षरात, मग माझ्या अक्षरात. एका वर्षी हिशेबतपासणीच्या आधी वाटलं, एकदा जाऊन बघावं तरी. भर दुपारी गेले. कोपरा होता, देवळी नव्हती. रस्ता रुंद करताना भिंत कधीच पडली होती आणि त्या जागी एक शिंपी मशीन टाकून बसला होता. मला वाटलं, सापडली चोरी. पुजाऱ्याच्या घरी गेले तर त्यांची म्हातारी आई म्हणाली, ‘ये, दाखवते.’ आत स्वयंपाकघरात, चुलीमागच्या कोनाड्यात, काळ्या पडलेल्या दगडाच्या हातभर मूर्तीपुढे दिवा जळत होता. भिंत पडली त्या रात्री तिने देव पदराखाली उचलून घरी आणला होता. कचेरीत कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. तेल मात्र रोज देवापुढेच जळत होतं.

मी चोपड्यात काय लिहिलं ते इथे सांगणार नाही. पण तू कादंबरी लिहितोयस म्हणून सांगते : तांबवेलच्या दफ्तरात नऊशे देवळं असतील. प्रत्यक्षात आठशे साठ असतील, आणि उरलेले चाळीस देव कुणाच्या तरी चुलीमागे असतील. ते चाळीस शोध.

तुझा दुसरा प्रश्न दीपपालाचा. दोन्ही प्रकार जगात झालेत, पण मला विचारशील तर चाकर कर. त्यात मजा जास्त आहे. १७५० साली त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याने आपलं राज्य पद्मनाभस्वामींना अर्पण केलं आणि तिथून पुढे तो आणि त्याचे वंशज ‘पद्मनाभदास’ म्हणून राज्य करू लागले. मेवाडात राज्य एकलिंगजींचं, राणा त्यांचा दिवाण. आपल्या अहिल्याबाईंच्या हुकुमांवर सही असायची ती ‘श्रीशंकर’ अशी. पुरीचा गजपती राजा रथयात्रेला सोन्याच्या मुठीचा झाडू घेऊन जगन्नाथाचा रथ झाडतो, आजही. वरवर बघता ही नम्रता. चोपडा लिहिणाऱ्या बाईच्या नजरेने बघ : राज्य देवाच्या नावावर चढलं की राजाविरुद्ध उठणारा आपोआप देवाविरुद्ध उठला. मार्तंडवर्म्याने आसपासचे मुलूख नुकतेच जिंकलेले होते, त्याला हे चांगलं समजत होतं. पण दोर दोन्ही बाजूंनी ओढता येतो. जो स्वतःला दिवाण म्हणवतो त्याला ‘मालकाचा हिशेब दाखव’ असं म्हणायची सोय उरते. तुझ्या कादंबरीत हे कुणी म्हणायचं? माझं मत त्या तेल्याच्या बाजूने.

आणखी एक. राजाचं खिसापाकीट आणि देवाची दानपेटी यांमध्ये भिंत आहे का, ते ठरव. होळकरांच्या घरात राणीची खासगी वेगळी आणि राज्याची दौलत वेगळी, असे दोन हिशेब होते. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणं कठीण होतं. तुझा दीपपाल कुठल्या थैलीत हात घालतो, हे एका प्रसंगात दाखवलंस तर पाच पानांचं वर्णन वाचेल.

वंशावळ फाडू नकोस. फक्त कादंबरीत घालू नकोस.

प्रश्न : मी मांजलपूरची. लेखिका वगैरे नाही, मुलांना रात्री गोष्ट सांगते, ती दोन वर्षं चाललीये. आमच्या गोष्टीतल्या राणीने डोंगरापलीकडचं राज्य जिंकलं. धाकटी विचारते, ‘आई, तिथल्या देवांचं काय झालं?’ मला उत्तर सुचेना, म्हटलं झोप आता.

उत्तर : धाकटीला माझा नमस्कार सांगा. तिने विचारलंय ते मोठमोठ्या कादंबऱ्यांत कुणी विचारत नाही.

जिंकलेल्या देवांचं काय करायचं, याच्या तऱ्हा फार आहेत. रोमन लोक शत्रूच्या देवाला आधीच फितवायचे. वेढा पडला की त्यांचे धर्माधिकारी पलीकडच्या देवाला साद घालायचे, ‘हे नगर सोड, आमच्याकडे ये, तुला मोठं देऊळ बांधू.’ इसवी सनापूर्वी ३९६ मध्ये वेई नावाचं शहर पडलं, तेव्हाची दंतकथा अशी, की एका शिपायाने तिथल्या जुनो देवीच्या मूर्तीला सहज विचारलं, ‘येतेस का रोमला?’ आणि देवीने मान हलवली. मुलांना ही गोष्ट नक्की आवडेल. माझ्या नातवाने लगेच विचारलं होतं, आणि नाही म्हणाली असती तर?

इंका राजे याहून धूर्त. ते जिंकलेल्या प्रांताची मुख्य मूर्ती कुस्कोला, राजधानीत, मानाने आणून ठेवायचे. तिची पूजाअर्चा चालू, सेवेला त्याच प्रांतातली माणसं. म्हणजे पाहुणचार म्हणा, ओलीस म्हणा. प्रांताने बंड केलं तर मूर्ती चव्हाट्यावर आणून तिला फटके मारायचे, असं स्पॅनिश लेखकांनी लिहून ठेवलंय.

आणि तिसरी तऱ्हा, जी आपल्या दाराशी आहे. गायकवाडांच्या फौजेबरोबर गुजरातेत आपले देवही आले. जिंकणाऱ्यांचे देव ते. आता आषाढी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, बघायला मांडवीत उभ्या राहा आणि सांगा, पालखीला हात लावायला धडपडणाऱ्यांत मराठी किती आणि गुजराती किती. मला तरी ओळखता येत नाही. माझ्या शेजारणीची आई तर विठ्ठलनाथजी मूळचे बडोद्याचेच, असं ठासून सांगायची. मी कधी वाद घातला नाही. पंढरपूरला सांगितलं नाही म्हणजे झालं.

तुमच्या राणीने यातलं काय केलं हे मुलांनाच ठरवू द्या. धाकटी बहुतेक देवीला मान हलवू देणार नाही.

प्रश्न : अलकापुरीहून लिहीत आहे. बँकेतून निवृत्त झालो, आता लेखनाचा छंद. माझ्या कथेतला सम्राट गादीवर बसताच फर्मान काढतो, की आजपासून जुने देव बंद, एकच नवा देव. दुसऱ्या प्रकरणात सगळी प्रजा नव्या देवाची झालेली आहे. आमच्या मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, इतक्या लवकर होत नाही. किती वेळ द्यावा?

उत्तर : साहेब, तुम्ही बँकेत होतात. नवीन फॉर्म आला की जुना किती वर्षं चालायचा, आठवतं ना? ते गृहस्थ बरोबर म्हणाले.

तुमच्या सम्राटासारखा एक खरोखर झाला, इजिप्तचा आखेनातेन, इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात. त्याने आतेन या सूर्यबिंबाला वर काढलं, आमोन देवाचं नाव भिंतींवरून खरवडून काढवलं, नवी राजधानी बांधली. तो गेल्यावर थोड्याच वर्षांत सगळं पूर्ववत. त्याच्यामागून गादीवर आलेल्या पोराचं नाव तुतनखातेन होतं, त्याने ते बदलून तुतनखामोन केलं. नावातलं एक अक्षर बदललं की राज्याचा देव बदलला. नवी राजधानी ओस पडली. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली ती इसवी सन ३१३ मध्ये आणि तो राज्याचा धर्म ठरला ३८० मध्ये. मधली सदुसष्ट वर्षं म्हणजे आजोबा ते नातू. अकबराचा दीन-ए-इलाही तर दरबारातल्या मूठभर माणसांपलीकडे गेलाच नाही, आणि त्याने तो जबरदस्तीने पुढे ढकललाही नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते इंग्लंडचं प्रकरण, कारण तिथे चोपडे शिल्लक आहेत. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपला बाजूला सारून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड आणखी पुढे गेला : दगडी वेद्या पाडा, मूर्ती काढा, भिंतींवरची चित्रं चुन्याने पुसा. १५५३ मध्ये राणी मेरी गादीवर आली आणि तिने पोपची सत्ता परत आणली : वेद्या पुन्हा बांधा, पाद्र्यांचे झगे पुन्हा शिवा. १५५९ मध्ये तिच्यामागून आलेल्या राणी एलिझाबेथने ते सगळं पुन्हा उलटवलं. आता गावातल्या चर्चचा कारभारी डोळ्यांपुढे आणा. त्याच्या वहीत तारीखवार नोंदी आहेत : वेदी पाडण्याची मजुरी. काही पानांनंतर वेदी बांधण्याची मजुरी. मग पुन्हा पाडण्याची. चुना. पुस्तक विकत घेतलं, तेच पुस्तक बाद, नवं पुस्तक. अशा वह्या इंग्लंडात कितीतरी गावांच्या टिकल्यात. तो कारभारी कुठल्या धर्माचा होता? मला विचाराल तर वहीत त्याचं उत्तर नाही, पण काही गावांत झगे आणि भांडी विकून न टाकता लोकांनी घरी दडवून ठेवली आणि मेरी आल्यावर बाहेर काढली, हे दिसतं. माझ्या त्या पुजाऱ्याच्या आईची ही सगळी विलायती भावंडं.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रकरणात प्रजा नव्या देवाची झाली असं लिहू नका. एका गावातला गवंडी घ्या, ज्याला सरकारने तीच भिंत तीनदा पाडायला आणि बांधायला लावली, आणि तिसऱ्या खेपेचे पैसे अजून मिळाले नाहीत. तुम्ही बँकेतले, थकबाकीवर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं लिहाल.

प्रश्न : माझे बाबा पौरोहित्य करतात, आम्ही रावपुऱ्यात राहतो. मी अद्भुतकथा खूप वाचते आणि प्रत्येक कथेत पुरोहित म्हटलं की लबाड, घारा, राजाच्या कानाला लागलेला. मला यापेक्षा वेगळं लिहायचंय पण बाबांची जाहिरातही करायची नाही. कसं जमवू?

उत्तर : बेटा, हे पत्र मी दोन दिवस खिडकीत ठेवलं होतं. उत्तर घाईत द्यायचं नव्हतं.

लबाड पुरोहित लिहिणं सोपं, कारण त्याला एकच काम असतं : राजाला फसवणं. खऱ्या पुरोहिताला कामं फार असतात आणि राज्य त्याच्या डोक्यावर बसलेलं असतं. तू बडोद्याची आहेस, तुला लांब जायला नको. इथे १९१५ मध्ये सयाजीरावमहाराजांच्या सरकारने हिंदू पुरोहित कायदा केला : पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या, परवाना घ्या. आता विचार कर, तुझ्या कथेतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींना चाळीस वर्षं यजमानांकडे काढल्यावर परीक्षेला बसायला सांगितलंय. समोर त्यांचाच शिष्य परीक्षक. सगळे मंत्र मुखोद्गत, पण प्रश्न आला ‘अर्थ लिहा’. ते काय करतील? मी अशा गुरुजींवर रागावू शकत नाही आणि परीक्षा घेणाऱ्या राजावरही नाही. अशी जागा सापडली की समजावं, कथा तिथे आहे.

दुसरी गोष्ट याच्याही आधीची, आणि तुझ्या बाबांना ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. राजाघरची कर्मं वेदोक्त मंत्रांनी (वेदातल्या, द्विजांसाठीच्या) करायची की पुराणोक्त (पुराणातल्या, शूद्रांसाठीच्या), यावरून बडोद्यात १८९६ मध्ये आणि पुढे कोल्हापुरात केवढं वादळ उठलं. कोल्हापूरला सुरुवात कशाने झाली? पंचगंगेवरच्या स्नानाने. पहाटे राजा नदीत उभा आहे आणि भटजी म्हणतोय तो मंत्र वेदातला नाही, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. म्हणजे राजा कोण, त्याचा वर्ण काय, त्याला कुठल्या शब्दांचा हक्क आहे, हे सगळं एका आंघोळीवर येऊन ठेपलं. पुढे शाहूमहाराजांनी राजपुरोहितांची वतनं काढून घेतली, प्रकरण वर ब्रिटिश सरकारपर्यंत गेलं. अद्भुतकथेत राजा आणि पुरोहित यांचं भांडण दाखवायला लोक जादूची काठी वापरतात. इथे नुसता एक श्लोक पुरला.

आणि शिवाजीमहाराजांचे राज्याभिषेक दोन झाले, हे लक्षात ठेव. ६ जून १६७४ ला गागाभट्टांच्या हातून वैदिक, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरींच्या हातून तांत्रिक. एकाच राजाला दोन मुकुट, साडेतीन महिन्यांच्या अंतराने. तुझ्या राज्यात असे दोन संप्रदाय असतील तर पहिल्या अभिषेकाच्या पुरोहिताला दुसऱ्याचं आमंत्रण गेलं का? गेलं तर तो आला का? आला तर जेवला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाबांना विचार. असल्या पंगतीतल्या गोष्टी पुरोहितांना जितक्या माहीत असतात तितक्या इतिहासकारांना नसतात.

जाहिरातीची भीती असेल तर एकच कर. गुरुजींना दक्षिणा लागते हे लपवू नकोस. पुण्यात पेशवे श्रावणात दक्षिणा वाटायचे, दूरदूरहून ब्राह्मण चालत यायचे. पेशवाई गेली, इंग्रज आले, आणि १८२१ मध्ये त्याच दक्षिणेच्या पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे आदल्या पिढीत बापाच्या ओंजळीत पडलेला रुपया पुढच्या पिढीत शाळेच्या हजेरीपटावर गेला. आता त्या घरातला मुलगा पाठशाळेत जाईल की घरी बसून पेशव्यांची आठवण काढत राहील? तिथे लबाडीही येईल, अभिमानही येईल, पोटाची चिंताही येईल. मग कुणी म्हणणार नाही, मुलीने बापाची तरफदारी केली.

थोडक्यात

फतेगंजचे एक वाचक विचारतात, राज्यधर्माला नाव काय द्यावं? – नाव द्यायलाच हवं असं नाही. जपानमध्ये मेजी राज्यकर्त्यांनी १८६८ पासून देवळांवर राज्याचा शिक्का मारत नेला, पुजारी सरकारी नोकर झाले, आणि तरी सरकारचं म्हणणं, हा धर्मच नव्हे, हे तर प्रजेचं कर्तव्य. धर्म नाही म्हटलं की नाकारायची वाटच बंद. १९४५ मध्ये युद्ध हरल्यावर ते मोडलं. तुमच्या राज्यात धर्माला ‘रीत’ म्हटलं तर जास्त भीती वाटेल.

वाघोडिया रोडवरून : देवांची चिन्हं, झेंडे, रंग ठरवलेत, अजून काय ठरवू? – शिव्या. माणूस ठेचकाळल्यावर कुणाचं नाव घेतो ते आधी ठरवा. आणि शपथ. आणि बाजार कुठल्या वारी बंद असतो ते. झेंडा राहू द्या.

निझामपुऱ्याहून एक पत्र फक्त एका ओळीचं : ‘देव खरे दाखवावेत की खोटे?’ – तुमच्या राजाला हे ठाऊक आहे का? मग वाचकाला कशाला सांगता?

अंक छापायला जायच्या आदल्या दिवशी कारेलीबागेच्या त्या मुलाची चिठ्ठी आली. उत्तर मी त्याला आधीच टपालाने पाठवलं होतं. लिहितो, ‘मावशी, हिशेब केला. राज्यात एवढा तीळ पिकूच शकत नाही, जमीनच पुरत नाही. निम्मं तेल शेजारच्या राज्यातून येतं आणि ते लोक दिव्यांना मानत नाहीत. व्यापारी दर महिन्याला सीमेवर बुधले उतरवून जातो. आता पुढे काय लिहू?’

अरे, आधी हे सांग, तो तेल रोखीने देतो की उधारीवर?